थोरले मुक्तिबोध

मराठी वाचकापुढे मुक्तिबोध हे नाव उच्चारले, तर त्याला बहुधा शरच्चंद्र आठवतात. 'नवी मळवाट' आणि 'यात्रिक' हे कवितासंग्रह लिहिणारे, 'क्षिप्रा', 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' या कादंबऱ्यांचे लेखक, 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी 1979 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे शरच्चंद्र मुक्तिबोध. हेच नाव भोपाळला, अलाहाबादेला किंवा दिल्लीला घ्या. तिथे एकच मुक्तिबोध ठाऊक असतात, गजानन माधव. आधुनिक हिंदी कवितेला ज्यांनी नवे वळण दिले, त्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते.

हे दोघे सख्खे भाऊ. एकाच आईच्या हातचे जेवले, एकाच घरात मराठी बोलत वाढले आणि पुढे दोन भाषांचे कवी झाले. धाकट्याला आपण आपला म्हटले. थोरल्याला मात्र हिंदीचा म्हणून परक्या दालनात ठेवून दिले. मला ही वाटणी नेहमीच खटकत आली आहे. थोरले मुक्तिबोध ज्या माणसाविषयी आयुष्यभर लिहीत राहिले, तो माणूस आपल्याही घरात राहतो. किंबहुना आपणच तो.

हे घराणे मूळचे खानदेशातले, जळगावकडचे. पूर्वजांपैकी कोणी अध्यात्मावर एक ग्रंथ लिहिला आणि त्या ग्रंथाचेच नाव आडनाव म्हणून चिकटले, असे घरात सांगितले जाई. पणजोबा जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानात गेले. शिंदे-होळकरांच्या राज्यात अशी कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त गेली आणि तिथलीच झाली. घरात वरणभात आणि मराठी, बाहेर माळव्याची हिंदी. अशाच एका घरात, 13 नोव्हेंबर 1917 रोजी, श्योपूर इथे गजाननचा जन्म झाला.

वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते. हुद्दा मोठा, वृत्ती सचोटीची. गजाननच्या आधीची मुले जगली नव्हती, त्यामुळे या मुलाचे लाड फार. हाताखालच्या शिपायांनी त्याला फिरायला न्यावे, घरच्यांनी त्याचा शब्द झेलावा, असे ते बालपण. आई पार्वतीबाई ईसागढच्या, बुंदेलखंडाकडच्या. हिंदीचा संस्कार त्यांच्या माहेरचा. प्रेमचंद त्यांच्या आवडीचे आणि आपले हरिभाऊ आपटेही. आईच्या वाचनात हे दोन लेखक शेजारीशेजारी नांदत होते, हे लक्षात घेतले की दोन मुलांनी दोन भाषा निवडाव्यात याचे फारसे नवल वाटत नाही.

वडिलांच्या सतत बदल्या होत. शाळा तुटत जाई. 1930 साली उज्जैनहून दिलेल्या मिडलच्या परीक्षेत गजानन नापास झाला. लाडात वाढलेल्या मुलाच्या मनाला ही गोष्ट लागली. आपल्या आयुष्यातली ती पहिली महत्त्वाची घटना, असे पुढे मुक्तिबोध मानत. कौतुकाने भरलेल्या घराबाहेर एक वेगळे जग आहे आणि ते आपल्याला तपासून पाहते, हे बहुधा तेव्हा कळले असावे.

1938 मध्ये इंदूरच्या होळकर कॉलेजातून ते बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला. घरच्यांना हे लग्न पसंत नव्हते. वडिलांची इच्छा मुलाने वकील व्हावे अशी होती. मुलाने पत्करली शाळामास्तरकी. त्या काळच्या खासगी शाळेतला पगार तो काय असणार! इथून पुढची पंचवीस वर्षे पैशाची ओढाताण त्यांच्या घरातून हलली नाही.

माळव्यातल्या शुजालपूरच्या शाळेत शिकवताना त्यांना नेमिचंद्र जैन हे मित्र लाभले. त्यांच्या सहवासात मुक्तिबोध मार्क्सवादाकडे वळले. तोवर मन एकांतात रमणारे, तत्त्वज्ञानाकडे ओढ घेणारे. आता त्याला एक नवा प्रश्न पडला. माझे दुःख आणि गिरणीतल्या कामगाराचे दुःख यांचा संबंध काय? हा प्रश्न त्यांनी पुस्तकी पद्धतीने कधीच सोडवला नाही, आणि त्यामुळेच तो शेवटपर्यंत जिवंत राहिला.

1943 मध्ये अज्ञेय यांनी सात नव्या कवींचा एक संग्रह काढला. त्याचे नाव 'तारसप्तक'. हिंदीत नव्या कवितेची गोष्ट सुरू होते ती या पुस्तकापासून. सातांतले पहिले कवी मुक्तिबोध. दुसरे एक होते प्रभाकर माचवे. म्हणजे हिंदीच्या या नव्या पर्वाच्या दारात उभ्या असलेल्या सात जणांत दोघांची घरची भाषा मराठी होती. त्यानंतर चारच वर्षांनी, 1947 मध्ये, मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या आणि मराठी कवितेने कूस बदलली. मर्ढेकर फैजपूरचे, तेही खानदेशचेच. यंत्रयुग, महायुद्ध, शहरातली गर्दी आणि गर्दीतला एकटा माणूस, हे सारे दोघांच्याही कवितेत आहे. पण मर्ढेकर थोड्या ओळींत घट्ट विणून सांगतात. मुक्तिबोधांची कविता लांबच लांब पसरत जाते. एखाद्या भुयारात कंदील घेऊन उतरावे आणि प्रत्येक वळणावर आणखी एक वळण दिसावे, तशी.

'तारसप्तक'मुळे नाव झाले, पण नावाने चूल पेटत नाही. उज्जैन, बनारस, जबलपूर असे फिरणे चालूच राहिले. 1945 च्या सुमारास बनारसला 'हंस' मासिकात ते काम करत होते. प्रेमचंदांनी काढलेले हे मासिक. तिथे संपादन करायचे आणि अंक टपालात टाकायचे कामही करायचे. जबलपूरला पुन्हा शाळा. आणि 1948 मध्ये नागपूर.

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा एकाच बाजारात, एकाच कचेरीत नांदणारे हे शहर. मुक्तिबोधांना ते जन्मापासूनच्या ओळखीचे वाटले असणार. पुढची दहा वर्षे त्यांनी इथे काढली. आधी सरकारच्या माहिती खात्यात, मग आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर आणि नंतर 'नया खून' या साप्ताहिकात. नवी शुक्रवारी, गणेशपेठ या भागांत त्यांचे बिऱ्हाड होते. जवळच जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर. त्याच परिसरात एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली ही गिरणी म्हणजे त्या वस्तीचे घड्याळच होते. पाळी सुटली की कामगारांचे लोंढे रस्त्यावर यायचे. ती गिरणी 2002 मध्ये कायमची बंद झाली आणि तिच्या जागी आज झगझगीत मॉल उभा आहे. मी त्या बाजूने जातो तेव्हा मला हमखास मुक्तिबोधांची कविता आठवते. तिच्यातल्या काळोख्या गल्ल्या, चिमणीचा धूर, रात्रीचा तलाव हे सारे याच भागातून उचललेले असावे, असे वाटत राहते.

याच दिवसांत त्यांनी टोपणनावांनी राजकीय लेखन केले, कथा लिहिल्या, नागपूर विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवली. रात्री घर झोपले की कवितेला बसायचे. एकेक कविता कित्येक महिने चालायची. पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. चहा आणि विडी यांच्या सोबतीने हे चाले. विडी शिलगावतानाचे त्यांचे छायाचित्र पुढे इतके प्रसिद्ध झाले, की मुक्तिबोध म्हटले की हिंदी वाचकाच्या डोळ्यांपुढे तोच ओढलेला, हाडे वर आलेला चेहरा येतो.

या सगळ्यात शांताबाईंचे काय झाले असेल? साहित्याच्या इतिहासात अशा बायकांसाठी फार तर एखादी ओळ असते. आजारपणे, उसनवारी, गावोगावचे बिऱ्हाड, वाढती मुले. मुक्तिबोधांनी नेमिचंद्र जैन यांना लिहिलेली पत्रे 1984 मध्ये 'पाया पत्र तुम्हारा' या पुस्तकात प्रसिद्ध झाली. त्यांतून ही ओढाताण पानोपानी दिसते. कर्ज, नोकरीची शोधाशोध, प्रकृतीच्या तक्रारी आणि या सगळ्यांच्या मध्येच कवितेविषयीचे एखादे लखलखीत विवेचन. पत्रे वाचताना कवीविषयी आदर वाटतो आणि ज्या घराने हे सोसले त्या घरापुढे मान लवते.

1958 मध्ये थोडी सावली मिळाली. नागपूरहून हावड्याच्या दिशेने गाडीत बसले की गोंदिया आणि डोंगरगढ मागे पडल्यावर राजनांदगाव लागते. तेव्हा ते मध्य प्रदेशात होते, 2000 पासून छत्तीसगडात आहे. तिथल्या नव्या दिग्विजय महाविद्यालयात मुक्तिबोधांना प्राध्यापकी मिळाली. महाविद्यालय भरे ते राजनांदगावच्या राजांच्या जुन्या राजवाड्यात. त्याच आवारातल्या एका जुन्या वास्तूत त्यांना राहायला जागा मिळाली.

काही वर्षांपूर्वी मी तिथे गेलो होतो. आजूबाजूला राणीसागर आणि बुढासागर हे दोन तलाव. जुन्या बांधणीच्या जाड भिंती. वर जाणारा गोल चक्करदार जिना. आता तिथे स्मारक आहे. मी जिना चढलो आणि वरून तलावाच्या पाण्याकडे पाहिले, तेव्हा त्यांच्या कवितेतल्या कितीतरी जागा एकदम ओळखीच्या झाल्या. गावाबाहेरची ती पडकी विहीर, पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या, अंधारातली चाहूल. त्यांच्या 'ब्रह्मराक्षस' या कवितेत अशाच एका बारवेत एका विद्वानाचे भूत राहते. आयुष्यभर ज्ञान मिळवले, पण ते जगाच्या उपयोगी पडले नाही, म्हणून ते अंगावरचा न दिसणारा मळ घासत बसले आहे. कवितेच्या शेवटी कवीला त्याची टिंगल करावीशी वाटत नाही. त्याचा शिष्य होऊन त्याचे अर्धे राहिलेले काम पुरे करावेसे वाटते. इतकी करुणा आणि इतकी कठोर तपासणी एकत्र क्वचितच भेटते.

राजनांदगावात त्यांच्या हातून सर्वांत जास्त आणि सर्वांत चांगले लेखन झाले. जयशंकर प्रसाद यांच्या 'कामायनी'वरचा त्यांचा अभ्यास 1961 मध्ये पुस्तकरूपाने आला. तरुण लेखकांना त्यांनी हात दिला. 1937 साली राजनांदगावातच जन्मलेला एक लाजरा विद्यार्थी त्यांना कविता दाखवायला येई. त्याच्या कविता त्यांनी श्रीकांत वर्मा यांच्या 'कृति' मासिकाकडे पाठवल्या आणि त्या छापून आल्या. तो विद्यार्थी म्हणजे विनोदकुमार शुक्ल. 2024 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना जाहीर झाला.

पण सावली फार दिवस टिकली नाही. संसाराला हातभार लागावा म्हणून मुक्तिबोधांनी शाळेसाठी 'भारत : इतिहास और संस्कृति' हे पुस्तक लिहिले होते. त्याविरुद्ध ओरड झाली, आंदोलने झाली आणि 1962 मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. एका गरीब प्राध्यापकाचे पाठ्यपुस्तक बंद झाले, एवढीच ही गोष्ट नव्हती. चार पैसे मिळण्याची आशा बुडाली हे तर खरेच, पण त्याहून खोल घाव मनावर झाला. आपण लिहिलेल्या अक्षराची सत्तेला भीती वाटते आणि आपल्या बाजूने उभे राहायला माणसे कचरतात, हे त्यांनी पाहिले. आपल्या मागावर कोणीतरी आहे, ही भावना त्यानंतर त्यांच्या मनातून गेली नाही.

त्यांची सर्वांत गाजलेली दीर्घ कविता, 'अंधेरे में', याच वर्षांत पक्की होत गेली. तिच्यात एक माणूस मध्यरात्री खिडकीतून एक मिरवणूक पाहतो. बँड वाजतो आहे, सैनिक चालले आहेत आणि त्यांच्याबरोबर शहरातले सारे प्रतिष्ठित लोक आहेत. पत्रकार, विद्वान, कवी, मंत्री, उद्योगपती आणि त्यांच्याच रांगेत गावातला नामचीन गुंड. दिवसा हे सगळे वेगवेगळे दिसतात, रात्री एका ओळीत चालतात. पाहणाऱ्याचा गुन्हा एकच, त्याने त्यांना उघडे पाहिले. मग त्याचा पाठलाग सुरू होतो. पळता पळता त्याला लोकमान्य टिळकांचा पुतळा दिसतो. त्या दगडी पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहते आहे. पुढे अंधारात गांधीजी भेटतात आणि त्याच्या हाती एक लहान मूल सोपवतात. टिळकांचा हा पुतळा कोणत्या गावचा, हे कविता सांगत नाही. मला मात्र दर वेळी नागपूरच्या महालातला टिळक पुतळाच दिसतो. मराठी माणसाच्या अंगावर काटा आणणारी ही प्रतिमा हिंदीत आहे आणि आपल्यातल्या कितीजणांनी ती वाचली आहे?

एवढी लांब आणि अवघड कविता वाचायला वेळ नसेल, त्यांच्यासाठी त्यांची एक छोटी कथा सांगतो. 'पक्षी और दीमक' हे तिचे नाव. एक तरुण पक्षी आकाशात उंच उडत असतो. खाली एक माणूस गाडीतून वाळवी विकत चाललेला दिसतो. दोन वाळव्यांना एक पीस, असा त्याचा भाव. पक्ष्याला वाळवी फार आवडते. एक पीस गेले तर काय बिघडते? आज एक, उद्या एक. बाप समजावतो, की वाळवी हे आपले खाणे नव्हे. मुलगा ऐकत नाही. शेवटी पंख इतके विरळ होतात, की उडताच येत नाही. मग तो जमिनीवर फुदकत, मेहनतीने वाळव्यांचा ढीग जमवतो आणि त्या माणसाला म्हणतो, ह्या घे आणि माझी पिसे परत दे. माणूस हसतो. त्याचा धंदा वाळवी देऊन पिसे घेण्याचा, उलटा नव्हे. तो निघून जातो. एके दिवशी मांजर येते आणि पक्ष्याला तोंडात धरून नेते.

ही कथा मी घरातल्या मुलांना सांगितली आहे. मुले मांजरापाशी हळहळतात. मोठी माणसे त्या आधीच, पहिल्या पिसापाशी, गप्प होतात. कारण पहिले पीस आपण कधी दिले, ते प्रत्येकाला ठाऊक असते. साहेबाच्या चुकीच्या कागदावर केलेली सही, बोलायला हवे होते तिथे धरलेले मौन, मुलाच्या प्रवेशासाठी लावलेला वशिला. मुक्तिबोधांचा सारा जन्म या एका व्यवहाराचा हिशेब मांडण्यात गेला. आणि तो मांडताना त्यांनी स्वतःला कधी वगळले नाही. त्यांच्या कवितेतला आरोपी बहुतेक वेळा कवीच असतो. म्हणूनच ते उपदेशक वाटत नाहीत.

फेब्रुवारी 1964 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात उपचार सुरू झाले. हरिशंकर परसाई, श्रीकांत वर्मा, अशोक वाजपेयी अशा लेखकांनी धावपळ केली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लक्ष घातले आणि त्यांना दिल्लीला, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवण्यात आले. मेंदूच्या आवरणाला क्षयाने ग्रासले होते. ते बेशुद्धीतून परतलेच नाहीत. 11 सप्टेंबर 1964 रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे सेहेचाळीस.

अंत्ययात्रेत चित्रकार एम. एफ. हुसेन होते. पंढरपुरात जन्मलेल्या आणि इंदुरात वाढलेल्या या चित्रकाराने त्या दिवसानंतर पायांत जोडे घालणे सोडले, असे ते स्वतः सांगत. हुसेन अनवाणी का फिरतात, याची कितीतरी वर्षे चर्चा होई. त्यामागे एका कवीचा मृत्यू होता.

आणि आता सर्वांत चटका लावणारी गोष्ट. एवढ्या मोठ्या कवीचा एकही कवितासंग्रह त्याच्या हयातीत त्याच्या हाती पडला नाही. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला संग्रह 1964 मध्येच भारतीय ज्ञानपीठाने काढला, पण तो पाहायला कवी नव्हता. कवितांची निवड श्रीकांत वर्मांनी केली, प्रस्तावना शमशेर बहादूर सिंह यांनी लिहिली. 'अंधेरे में' ही हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात त्याच वर्षी नोव्हेंबरात, म्हणजे मृत्यूनंतर दोन महिन्यांनी छापली गेली. पुढे कथा आल्या, दुसरा कवितासंग्रह आला आणि 1980 मध्ये सहा खंडांची 'मुक्तिबोध रचनावली' प्रसिद्ध झाली. ती संपादित केली शुजालपूरच्या दिवसांतल्या त्याच मित्राने, नेमिचंद्र जैन यांनी. त्याच वर्षी मणि कौल यांनी त्यांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट काढला. हयातीत ज्याला प्रकाशक मिळाला नाही, त्याच्यावाचून नंतरच्या हिंदी कवितेचा विचारच करता येईना.

शरच्चंद्र थोरल्या भावानंतर वीस वर्षे जगले आणि 1984 मध्ये गेले. धाकट्या भावाच्या कादंबरीला नाव आहे उज्जैनच्या नदीचे, आणि थोरल्याच्या कवितेत दिसते ते आपले नागपूर. भाषेची भिंत आपण उभी केली, या भावांनी नव्हे. हिंदी वाचणे मराठी माणसाला जड नाही. सिनेमाने आणि दूरदर्शनने ती भाषा आपल्या घरात कधीच आणून बसवली आहे. तिच्यातून करमणूक घेतो, तशी थोडी जागही घ्यावी.

सुरुवात कवितेपासून करू नका, वाट चुकाल. आधी कथा वाचा, मग 'एक साहित्यिक की डायरी' वाचा. तिच्यात ते मित्राशी गप्पा मारावे तसे कवितेविषयी आणि जगण्याविषयी बोलतात. मग एखाद्या रात्री, घर निजल्यावर, 'अंधेरे में' उघडा. ती कविता रात्रीच लिहिली गेली आहे आणि रात्रीच नीट कळते. वाचून झाल्यावर आपल्या अंगावर किती पिसे शिल्लक आहेत, ते ज्याचे त्याने मोजावे.